०.१ + ०.२ प्रोसेसरच्या आत: फ्लोटिंग पॉइंट गणित पायरीपायरीने

पायथॉनचा प्रॉम्प्ट किंवा ब्राउझरचा कन्सोल उघडा आणि ०.१ + ०.२ टाका. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. बहुतेकांना आधी वाटतं की भाषेतच काहीतरी बग आहे. पण भाषा फक्त दोन संख्या प्रोसेसरच्या हवाली करते आणि आलेलं उत्तर छापते. प्रोसेसरही चुकलेला नसतो. त्याला जे नियम घालून दिलेत त्यांनुसार हेच उत्तर बरोबर आहे, दुसरं कुठलंही आलं असतं तर तो बिघाड ठरला असता.

या लेखात आपण ही एकच बेरीज आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत हाताने करणार आहोत. कागद-पेन्सिल जवळ घ्या. दोनाचे घात आणि हातचा घेऊन बेरीज करता येत असेल तर तेवढं पुरे.

पायरी १: ०.१ द्विमान पद्धतीत लिहा

कृती सोपी आहे. अपूर्णांकाची दुप्पट करायची, दशांशचिन्हाच्या डावीकडे जो अंक येईल तो लिहून घ्यायचा आणि उरलेल्या भागाची पुन्हा दुप्पट करायची.

०.१ → ०.२, लिहा ०
०.२ → ०.४, लिहा ०
०.४ → ०.८, लिहा ०
०.८ → १.६, लिहा १
०.६ → १.२, लिहा १
०.२ → ०.४, लिहा ०

इथे थांबा. ०.२ पुन्हा आला, म्हणजे आपण चक्रात अडकलो. ०.१ चं द्विमान रूप ०.०००११००११००११… असं न संपणारं आहे. दशमान पद्धतीत १/३ ची जी गत होते तीच इथे १/१० ची. दशमानात छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर अपूर्णांक संपतो. द्विमानात फक्त २ चालतो आणि १/१० च्या छेदात ५ आडवा येतो. त्यामुळे ०.५, ०.२५, ०.३७५ नेमके लिहिता येतात, पण ०.१ पासून ०.९ पर्यंतच्या नऊ संख्यांपैकी एकटा ०.५ सोडला तर एकही नेमकी बसत नाही.

म्हणजे खरी गळती बेरजेआधीच झालेली असते. तुम्ही ०.१ टाइप केलंत त्याच क्षणी.

पायरी २: चौकट समजून घ्या

अपूर्णांक साठवणारे प्रकार, म्हणजे पायथॉनचा फ्लोट, जावास्क्रिप्टचा नंबर आणि सीमधला डबल, हे नेहमीच्या संगणकांवर ६४ बिटांचे असतात. त्यातला १ बिट चिन्हासाठी, ११ बिट घातांकासाठी आणि ५२ बिट मँटिसासाठी, म्हणजे सार्थ अंकांसाठी. संख्या १.xxxx × २^घ अशा रूपात आणायची. द्विमानात शून्य नसलेल्या संख्येचा पहिला सार्थ अंक १ च असणार, म्हणून तो साठवतच नाहीत. ५२ बिटांच्या जागेत ५३ बिटांची अचूकता मिळते ती अशी फुकटात.

घातांक ऋणही असू शकतो. त्याला वेगळं चिन्ह देण्याऐवजी त्यात १०२३ मिळवून साठवतात. ०.१ = १.१००११००१… × २^−४, म्हणून घातांकाच्या जागी −४ + १०२३ = १०१९ लिहिला जातो. ही युक्ती मला फार आवडते. घातांक मँटिसाच्या आधी आणि असा सरकवून ठेवल्यामुळे दोन धन फ्लोट संख्यांचे बिट साधे पूर्णांक समजून तुलना केली तरी लहान-मोठेपणा बरोबर निघतो.

३२ बिटांच्या फ्लोटमध्ये हीच मांडणी १, ८ आणि २३ अशी असते आणि घातांकात १२७ मिळवतात.

हे सारं आयईईई ७५४ या मानकात लिहिलेलं आहे. ते १९८५ मध्ये आलं आणि २००८ व २०१९ मध्ये सुधारलं गेलं. त्याआधी निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांत निरनिराळी रूपं आणि राउंडिंगच्या निरनिराळ्या तऱ्हा होत्या. एका यंत्रावर तपासलेला प्रोग्राम दुसऱ्यावर तेच उत्तर देईल याची हमी नव्हती. मानकामागचं मुख्य नाव विल्यम काहान यांचं. त्यांना संगणकशास्त्रातला १९८९ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. इंटेलच्या ८०८७ या गणिती सहचिपसाठीही त्यांनी सल्ला दिला होता आणि ती चिप मानकाच्या पाच वर्षं आधी, १९८० मध्ये, बाजारात आली.

प्रत्यक्षात काय साठवलं गेलंय ते बघायचं असेल तर पायथॉनच्या डेसिमल मॉड्यूलमधल्या डेसिमल या प्रकाराला ०.१ द्या, अवतरणचिन्हांशिवाय. ०.१००००००००००००००००५५५१११५१२३… अशी लांबलचक संख्या दिसेल. मग एरवी पडद्यावर नुसतं ०.१ का दिसतं? कारण छापणारा कोड असा सर्वांत आखूड दशांश शोधतो की जो परत वाचला तर तेच ६४ बिट मिळतील.

पायरी ३: छोटी चौकट घ्या

५२ बिटांची बेरीज कागदावर करण्यात शहाणपण नाही. आपण मँटिसाला चारच बिट देऊ. लपलेला १ धरून एकूण पाच सार्थ बिट. चार हा आकडा मुद्दाम निवडलाय: ०.१ चं चक्र चार बिटांचं आहे आणि ५२ लाही चाराने नि:शेष भाग जातो, त्यामुळे खरी चौकट चक्राला जिथे कापते तिथेच आपलीही कापेल.

०.१ = १.१००१ | १००१… × २^−४. रेषेपलीकडचा भाग अर्ध्याहून जास्त आहे, म्हणून वर राउंड: १.१०१० × २^−४. दशमानात ०.१०१५६२५.

०.२ म्हणजे त्याचीच दुप्पट, फक्त घातांक एकाने वाढतो: १.१०१० × २^−३ = ०.२०३१२५.

०.३ = १.००११ | ००११… × २^−२. इथे पलीकडचा भाग अर्ध्याहून कमी, म्हणून खाली राउंड: १.००११ × २^−२ = ०.२९६८७५.

गंमत बघा. ०.१ आणि ०.२ दोघंही थोडे वर सरकले आणि ०.३ खाली. डबलमध्येही हुबेहूब असंच होतं.

पायरी ४: बेरीज करा

प्रोसेसरचा बेरजेचा परिपथ पुढची कामं याच क्रमाने करतो.

आधी घातांक जुळवायचे. लहान घातांकाची संख्या उजवीकडे सरकवायची. ०.१ चा घातांक −४ आहे, तो −३ करायला मँटिसा एक घर सरकवली की ०.११०१० मिळतं.

मग साधी पूर्णांकांसारखी बेरीज:

१.१०१००
+ ०.११०१०
= १०.०१११०  (× २^−३)

डावीकडे हातचा येऊन दोन अंक झाले. चौकटीत एकच मावतो, म्हणून एक घर उजवीकडे सरकवा आणि घातांक वाढवा: १.००१११० × २^−२. याला नॉर्मलायझेशन म्हणतात.

आता राउंडिंग. १.००११ एवढं बसतं आणि बाहेर उरतं १०, म्हणजे बरोबर अर्धं. अर्ध्याहून जास्तही नाही, कमीही नाही. अशा बरोबरीच्या वेळी मानकाचा नियम असा की ज्याचा शेवटचा बिट ० आहे, म्हणजे जो सम आहे, त्या शेजाऱ्याकडे जा. १.००११ विषम, १.०१०० सम. उत्तर १.०१०० × २^−२ = ०.३१२५.

आपल्या चौकटीतला ०.३ होता ०.२९६८७५. बेरीज त्याच्या अगदी शेजारच्या संख्येवर जाऊन पडली. डबलमध्येही ०.१ आणि ०.२ च्या साठवलेल्या रूपांची खरी बेरीज दोन शेजाऱ्यांच्या नेमकी मध्ये येते, सम नियमाने वर जाते आणि म्हणून शेवटी तो ४ उगवतो.

एक गोष्ट इथे अनेकांना चकित करते. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये हीच बेरीज ०.३ च्या तंतोतंत बरोबर निघते. तिथे २३ बिटांवर चक्र वेगळ्या जागी कापलं जातं आणि चुका एकमेकींना सोयीच्या पडतात. तेव्हा ‘जास्त बिट घेतले की हा प्रश्न सुटतो’ ही समजूत सोडून द्या. जास्त बिटांनी चूक लहान होते, पण बरोबरीच्या तपासणीत ती दिसेल की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

बरोबरीला सम शेजारी का, शाळेत शिकवतात तसं सरळ वर का नाही? नेहमी एकाच दिशेला ढकललं तर चुका एकमेकींना खोडत नाहीत, साचत जातात. साचलेल्या चुका काय करतात याचं प्रसिद्ध उदाहरण व्हँकुव्हर शेअर बाजाराचं आहे. जानेवारी १९८२ मध्ये तिथला नवा निर्देशांक १००० पासून सुरू झाला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्याने काढत आणि तीन दशांशस्थळांपुढचं राउंड न करता नुसतं कापून टाकत. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ दाखवत होता. नीट काढल्यावर निघाला १०९८.८९२.

पायरी ५: बाहेर पडलेल्या बिटांचं काय होतं?

आपण ०.१ एकच घर सरकवला. घातांकांत चाळीसचा फरक असेल तर? सरकून बाहेर पडणारे सगळे बिट सांभाळायला केवढा मोठा परिपथ लागेल! प्रत्यक्षात तीनच जादा बिट पुरतात. त्यांना गार्ड, राउंड आणि स्टिकी म्हणतात. पहिले दोन हे लगेच पलीकडचे बिट. तिसरा चिकट: त्याच्याही पलीकडून एखादा जरी १ गेला तरी तो १ होतो आणि १ च राहतो. राउंडिंगला उरलेल्या भागाची किंमत नको असते. तो अर्ध्याहून कमी, जास्त की बरोबर, एवढंच कळायला हवं असतं.

यातून मानकाची मुख्य अट पुरी होते: उत्तर असं हवं की जणू अनंत अचूकतेने काढलं आणि मग एकदाच राउंड केलं. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ या सगळ्यांना ही अट लागू आहे. साइन, लॉग यांच्यासाठी मात्र मानक फक्त शिफारस करतं. त्यामुळे दोन गणिती लायब्ररींची उत्तरं शेवटच्या बिटात वेगळी निघाली तर त्यात नवल नाही.

पायरी ६: गुणाकार आणि भागाकार

गुणाकार बेरजेपेक्षा सरळ आहे, कारण काही जुळवावंच लागत नाही. चिन्हं ठरवा, घातांकांची बेरीज करा, ५३ बिट गुणिले ५३ बिट असा पूर्णांक गुणाकार करा, आलेले १०६ बिट राउंड करून ५३ वर आणा.

भागाकार मंद असतो, कारण उत्तर थोडंथोडं करून, फेऱ्यांमध्ये निघतं. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर बेरीज किंवा गुणाकाराला ४ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात, डबलच्या भागाकाराला १३-१४. शिवाय बेरजा-गुणाकार एकामागोमाग पाइपलाइनमध्ये सोडता येतात तसे भागाकार सोडता येत नाहीत. म्हणून लूपमध्ये एकाच संख्येने हजारदा भागायचं असेल तर लोक तिचा व्यस्त एकदा काढून त्याने गुणतात. मात्र तिथे दोनदा राउंडिंग होतं आणि शेवटचा बिट बदलू शकतो.

भागाकाराचा परिपथ खरोखरच चुकल्याचं उदाहरण म्हणजे १९९४ मध्ये गाजलेला इंटेलचा पेंटियम प्रोसेसर. त्यात प्रत्येक फेरीत उत्तराचा पुढचा अंक एका तक्त्यातून उचलत आणि त्या तक्त्यातल्या पाच नोंदी भरायच्या राहिल्या होत्या. ४१९५८३५ ÷ ३१४५७२७ चं उत्तर १.३३३८२… यायला हवं, तिथे १.३३३७३… येई. जुळ्या मूळ संख्यांवर काम करणारे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या हे लक्षात आलं. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. ०.१ + ०.२ ला ‘प्रोसेसरची चूक’ म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा: इथे नियमच मोडला होता.

पायरी ७: विशेष किमती ओळखा

घातांकाचे सगळे बिट १ असतील तर ती साधी संख्या नसते. मँटिसा शून्य असेल तर अनंत, नसेल तर नॅन, म्हणजे ‘संख्या नव्हे’. १ ÷ ० चं उत्तर हार्डवेअर अनंत देतं. ० ÷ ० चं नॅन. जावास्क्रिप्ट हे तसंच दाखवते, पायथॉन मात्र भागाकाराआधीच शून्य तपासून एरर फेकते. प्रोसेसर तोच, धोरण भाषेचं.

नॅन कशाच्याही बरोबर नसतो, स्वतःच्याही नाही. यादीत एक नॅन शिरला की सॉर्टिंगचा क्रम बिघडू शकतो. बेरजेत शिरला तर सगळी बेरीज नॅन.

शून्यं दोन आहेत, +० आणि −०. तुलनेत दोन्ही समान, पण −० ने १ ला भागलं तर −∞ मिळतं. याहून जास्त त्यांच्या नादी लागू नका.

घातांकाचे सगळे बिट ० असतील तेव्हा लपलेला १ नसतो आणि सबनॉर्मल संख्या मिळतात. डबलमध्ये सर्वांत लहान सामान्य संख्या सुमारे २.२ × १०^−३०८, सबनॉर्मल सुमारे ४.९ × १०^−३२४ पर्यंत उतरतात. त्यांच्यामुळे एक मोलाची हमी मिळते: क्ष आणि य वेगळे असतील तर क्ष − य कधीच शून्य होत नाही. किंमत वेगात मोजावी लागते. काही प्रोसेसर सबनॉर्मल दिसताच मायक्रोकोडकडे (चिपमधल्या सावकाश चालणाऱ्या अंतर्गत प्रोग्रामकडे) वळतात आणि चार सायकलींचं काम शंभरावर जातं. विरत जाणाऱ्या प्रतिध्वनीवर काम करणारे ऑडिओ प्रोग्राम म्हणूनच अशा संख्या सरळ शून्य करण्याचा स्विच चालू ठेवतात.

पायरी ८: उत्तर यंत्रागणिक का बदलतं ते तपासा

नियम इतके पक्के, तरी तोच सी प्रोग्राम दोन ठिकाणी वेगळं उत्तर देतो, असं का? याची तीन नेहमीची कारणं आहेत.

जुन्या ३२ बिटी एक्स८६ बिल्डमध्ये गणित ८०८७ च्या वारशातल्या ८० बिटी रजिस्टरांत (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागांत) चालायचं. मधली उत्तरं जादा अचूक असायची आणि मेमरीत उतरताना पुन्हा राउंड व्हायची. ६४ बिटी बिल्ड सहसा एसएसई२ हा नंतरचा सूचनासंच वापरतात, तिथे डबल हा डबलच राहतो.

दुसरं, एफएमए. अ × ब + क ही एकच सूचना, आणि राउंडिंगही एकदाच. जास्त अचूक, जास्त जलद, पण सूत्र मोडण्याची ताकद असलेली. अ आणि ब समान असताना अ × अ − ब × ब शून्यच यायला हवं ना? कंपायलरने एक गुणाकार एफएमएत ओढला तर एक बाजू राउंड झालेली आणि दुसरी न झालेली राहते, आणि फरक शून्य न येता चिमुकली संख्या येते.

तिसरं, क्रम. (०.१ + ०.२) + ०.३ चं उत्तर ०.६०००००००००००००१ येतं आणि ०.१ + (०.२ + ०.३) चं ०.६. म्हणून शिस्तीतला कंपायलर तुमच्या बेरजांचा क्रम बदलत नाही. ‘फास्ट-मॅथ’ पर्याय लावला की तुम्ही त्याला तशी मुभा देता. समांतर धाग्यांमध्ये (थ्रेड्समध्ये) बेरीज वाटली की क्रम आपोआपच बदलतो.

पायरी ९: आपल्या कोडमध्ये

बरोबरीची तपासणी करताना सापेक्ष फरक बघा: फरक मोठ्या संख्येच्या अमुक पटीहून कमी आहे का? पायथॉनमधलं इझ-क्लोज हेच करतं. फक्त एक बाजू शून्य असेल तर सापेक्ष फरक निरुपयोगी ठरतो, तिथे निरपेक्ष मर्यादाही द्या.

पैशांच्या रकमा फ्लोटमध्ये ठेवू नका. सर्वांत लहान एककात पूर्णांक ठेवा किंवा दशमान प्रकार वापरा. यावर वाद घालण्यासारखं काही नाही.

मोठे ओळखक्रमांकही नकोत. डबलमध्ये २^५३, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, पर्यंतचे सगळे पूर्णांक नेमके बसतात. त्यापुढचा लगेचचा विषम आकडा बसत नाही. ३२ बिटी फ्लोटची हीच हद्द १६७७७२१६ आहे. तिथे पोहोचलेल्या मोजणीत १ मिळवत राहिलात तरी ती जागची हलत नाही.

फ्लोटचा पूर्णांक करताना तो मावतो का ते आधी बघा. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात ६४ बिटी फ्लोट १६ बिटी पूर्णांकात कोंबला गेला. तो मावला नाही, दिशादर्शक प्रणाली बंद पडली आणि चाळीसेक सेकंदांत रॉकेट नष्ट झालं.

जवळजवळ समान संख्यांच्या वजाबाकीपासून सावध राहा. गंमत म्हणजे ही वजाबाकी स्वतः बहुधा अगदी नेमकी असते. पुढचे समान अंक ती खोडून टाकते आणि आधीच्या राउंडिंगचा कचरा तेवढा हातात उरतो. क्ष = १०^१६ घेऊन (क्ष + १) चं वर्गमूळ वजा क्ष चं वर्गमूळ काढा. शून्य येईल. तेच १ ÷ (दोन्ही वर्गमूळांची बेरीज) असं मांडलं की ५ × १०^−९ मिळतं. गणिताने दोन्ही मांडण्या एकच आहेत, प्रोसेसरला मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लांब बेरजांसाठी काहान यांचीच एक पद्धत आहे: प्रत्येक बेरजेत हरवलेला तुकडा वेगळ्या चलात ठेवायचा आणि पुढच्या फेरीत परत मिसळायचा. ०.१ लूपमध्ये दहादा मिळवलं तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं, पायथॉनचं एफ-सम बरोबर १ देतं. काहानची पद्धत स्वतः लिहिलीत तर फास्ट-मॅथ बंद आहे याची खात्री करा. तो तुकडा बीजगणिताच्या नियमाने नेहमी शून्यच असतो, आणि क्रम बदलायची मुभा मिळालेला कंपायलर तो शून्य समजून तुमच्या ओळी शांतपणे उडवून लावतो.